अकरा वर्षं न चाखलेला पाव

सोमवारी आणि गुरुवारी आमच्या गल्लीत घड्याळ लागत नाही. सोनुनबूच्या अंगणातल्या भट्टीतून जर्दाळूच्या लाकडाचा धूर निघाला की समजायचं, सहा वाजले. धूर थांबला की सात. आणि भाजलेल्या पावाचा वास रस्त्यावर आला की माझ्यासारखी निवृत्त मास्तरीणही उगाच फाटकाशी जाऊन काहीतरी झाडायला लागते. झाडण्यासारखं तिथे काहीच नसतं. सोनुनबू भिंतीपलीकडून ओरडते, "मास्तरीणबाई, अजून गार व्हायचाय! झाडून झालं असेल तर घरात जा!"

तंदूरची गोल रोटी आमच्या किझिल-ओरुक गावातल्या सगळ्या बायकांना येते. जिला येत नाही तिची सासू ती गोष्ट बाहेर फुटू देत नाही. पण रोजच्या डब्याचा पाव, ज्याचे सुरीने एकसारखे काप पडतात, ज्यावर लोणी आणि मुरंबा पोराच्या दप्तरात गळत नाही, आणि जो तिसऱ्या दिवशी चुलीच्या तापल्या पत्र्यावर ठेवला की कुरकुरीत होऊन चहात बुडायला तयार असतो, तो पाव एकट्या सोनुनबूचा. बारा साचे, आठवड्यातून दोनदा. गल्लीतलं कुणी अंडी ठेवून जातं, कुणी साय, मी माझ्या झाडाचे जर्दाळू. शाळेत छत्तीस वर्षं मी मुलांचे डबे पाहिले. कुणाच्या कापांत उकडलेलं अंडं, कुणाच्या गार मटण, कुणाच्या नुसतं लोणी. आतलं घरोघरी वेगळं, बाहेरचा पाव मात्र तिचाच.

ते बारा साचेही मजेदार आहेत. सरकारी शेतीसंस्था मोडली तेव्हा ज्याला जे मिळेल ते त्याने घरी नेलं. कुणी ट्रॅक्टरचं चाक नेलं, कुणी दरवाजे, एकाने तर कचेरीची पाटीच नेली. सोनुनबूचा नवरा दुइशे बंद पडलेल्या बेकरीतून पत्र्याचे काळे लांबट साचे घेऊन आला. गाव हसलं. "चाकावर निदान बसता तरी येतं, दुइशे!" दुइशे साचे घासत बसला. पुढे चाकं गंजली, दरवाजांना वाळवी लागली, आणि हसणाऱ्यांची नातवंडं आज त्याच साच्यांतला पाव खातात. दुइशे आता नाही. साचे आहेत.

पण मला सांगायचं आहे ते साच्यांचं नाही. मला सांगायचं आहे ते सोनुनबूच्या मोठ्या जावेचं, झूराकानचं. तिने सोनुनबूचा पाव अकरा वर्षं तोंडात घातला नव्हता.

एके काळी या दोघी एका सुईत ओवलेला दोरा होत्या. सोनुनबू एकोणीस वर्षांची असताना सून होऊन आली, डोंगरापलीकडच्या मेंढपाळांच्या घरातून. तिथे कढईत, राखेत भाजलेली रोटी. इथे सासू म्हणजे अशी, की नाकावर माशी बसली तर माशीनेच माफी मागावी. आमच्याकडे नव्या सुनेचा पहिला पाव चाखायला सगळं भावकीतलं बायकामंडळ येऊन बसतं. सोनुनबूने डोक्यावरचा पांढरा रुमाल डोळ्यांपर्यंत ओढून, वाकून वाकून सगळ्यांना नमस्कार केले आणि पाव पुढे ठेवला. पहिला तुकडा मोठ्या जावेने मोडायचा असतो. झूराकानने मोडला, तोंडात टाकला, आणि तिला कळलं. पोरीने मीठ घातलंच नव्हतं.

सोनुनबूलाही त्याच क्षणी आठवलं. ती मला नेहमी सांगते, "मला वाटलं, आता जमीन फाटली तर मी आधी उडी मारेन, मग खाली काय आहे ते बघेन."

झूराकानने शांतपणे घास गिळला आणि सासूला मोठ्याने म्हणाली, "आपा, तुमचं रक्त वर चढतं म्हणून दवाखान्यातल्या बाईने मीठ सांभाळायला सांगितलंय ना? मीच म्हटलं हिला, पहिला पाव सासूच्या तब्येतीचा कर. मग आपल्या जिभेचा."

सासूने पुढे तोंड वाकडं न करता आठवडाभर अळणी पाव खाल्ला. वर गावभर सांगत सुटली, की असली सून मिळायला नशीब लागतं. त्या दिवसापासून झूराकानने सोनुनबूला पदराखाली घेतलं. कुल्माकच्या वेलीची कडू फुलं उकळून खमीर कसं लावायचं, पीठ हाताला चिकटायचं कधी थांबतं, भट्टीत हात घालून वीस मोजता आले तर आच बरोबर, हे सगळं तिनेच शिकवलं. आणि रोज पीठ मळताना एकच प्रश्न, "मीठ?" सोनुनबूने म्हणायचं, "घातलं, ताई." अडतीस वर्षं हा प्रश्न आणि हे उत्तर चाललं. दोघींच्या घरांमधून पाण्याचा एक पाट वाहत होता, त्यावर एक फळी होती. ती फळी झिजून मधे वाकली होती.

मग आलं ते लग्न.

सोनुनबूच्या धाकट्याचं लग्न. मेंढा कापला की कुठलं हाड कुणाच्या ताटात जायचं हे आमच्याकडे ठरलेलं असतं, आणि त्यात चूक झाली तर माणसं मेलेल्याच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणातही ती काढतात. शेपटाकडचा चरबीचा मानाचा तुकडा घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला. म्हणजे झूराकानला. सोनुनबू स्वयंपाकघरात घामाघूम, माणसं दोनशे. व्याह्यांकडून आलेली एक म्हातारी कोपऱ्यात अशी काही ऐटीत बसली होती, की सोनुनबूला वाटलं, पाहुण्यांचा मान आधी. तो तुकडा गेला म्हातारीला. आणि झूराकानच्या पुढ्यात आलं पुढच्या पायाचं बारकं हाड, जे आम्ही धाकट्या सुनांच्या ताटात टाकतो.

झूराकानने हाड उलटं करून पाहिलं, ताट सरकवलं, रुमाल नीट केला आणि उठून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सोनुनबू नवा मेंढा कापून तोच मानाचा तुकडा, रेशमी रुमालात गुंडाळून, स्वतः घेऊन गेली. झूराकानने खिडकी उघडली. "लग्नात मान नाही दिलास, आता शेपूट कशाला आणलंस? कुत्रं पाळलंय का मी?" खिडकी बंद. नंतर गावातले म्हातारे मधे पडले, इमाम मधे पडले, मीही दोनदा मधे पडून कपाळावर आठ्या घेऊन परत आले. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, त्यातली ती बाई.

आता तुम्ही म्हणाल, एकाच गल्लीत राहून अकरा वर्षं टाळता कसं येतं? तर आमच्याकडे एक रीत आहे. कुणाच्या घरी पाय ठेवला आणि तिथे पाव मांडलेला असला, की तोंडाला लावल्याशिवाय निघता येत नाही. घाई असो, पोट भरलेलं असो, भांडण असो. चिमूटभर मोडायचा, तोंडात टाकायचा, मग जा. पावाहून मोठं कुणी नाही, असं आमची माणसं म्हणतात, आणि पावाला नको म्हणणारा स्वतःच्या नशिबाला नको म्हणतो. म्हणून झूराकानने साधा हिशेब केला. सोनुनबूच्या फाटकातच शिरायचं नाही. पाटावरची फळी तिने काढून सरपणात घातली. माझ्याकडे चहाला यायची, पण माझ्याकडचाही पाव तिकडचाच हे ठाऊक असल्यामुळे आधी रस्त्यावरूनच विचारायची, "मास्तरीण, पाव आत ठेवलास का?" मी निमूटपणे पाव कपाटात कोंडायची आणि मगच तिला दार उघडायची. या वयात माझ्यावर ही पाळी. स्वतः ती दुकानातला पाव खायची, कापसासारखा, ज्याला दाबलं की दबतो आणि परत उठायचं नाव घेत नाही. खाताना चेहरा असा, की औषध परवडलं.

आणि सोनुनबू? ती दर सोमवारी आणि गुरुवारी पीठ मळताना मीठ घालायची, आणि मग एक क्षण थांबायची. कुणीतरी विचारेल म्हणून. मी भिंतीवरून पाहिलेलं आहे. 

यंदा जर्दाळू उतरायच्या सुमारास बातमी आली. झूराकानचा मुलगा एर्मेक आईला राजधानीत, बिश्केकला नेणार होता, कायमचं. म्हातारीचे गुडघे गेलेत, हिवाळ्यात एकटीने चूल पेटवायची म्हणजे काय. शनिवारी सकाळी निघायचं ठरलं. घराला कुलूप.

गुरुवारी सोनुनबू माझ्याकडे आली. बसली नाही. "मास्तरीणबाई, ती तोंडाला पाव न लावता गेली तर संपलं. आम्ही दोघी काही आता वीस वर्षांच्या नाही."

"मग जा आणि सांग तिला तसं."

"सात वेळा गेलेय. खिडकीची कडी पाठ झालीय मला." मग जरा थांबून म्हणाली, "ती माझ्या घरी येत नाही ना? ठीक आहे. मग मी घर रस्त्यावर आणते. तुमचं ते शाळेतलं लांब टेबल द्या."

शनिवारी सकाळी आठ वाजता आमच्या गल्लीच्या मधोमध माझं टेबल आडवं पडलं होतं. वर पांढरी चादर, चहाचा समोवर, साय, मुरंब्याच्या वाट्या, आणि बारा पाव. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला भिंत, गाडी काय, गाढवही गेलं नसतं. हमरस्त्याला जायला दुसरी वाट नाही. सगळी गल्ली निरोप द्यायला जमली होती, आणि खरं सांगायचं तर तमाशा बघायला. मी सवयीने एका पावाच्या कडेकडे हात नेला. फाडकन हातावर चापट बसली.

"आधी ताई," सोनुनबू म्हणाली.  अडुसष्ट वर्षांची बाई, आणि नव्या सुनेसारखा रुमाल पुन्हा पुन्हा पुढे ओढत होती.

गाडी आली, थांबली. एर्मेक उतरला, हसला, "काकू, हे काय, नाकाबंदी?" त्याने पावाचा तुकडा मोडला, तोंडात टाकला. चावता चावता त्याच्या भुवया जरा वर गेल्या, पण शहाणा मुलगा, घास गिळून टाकला. मागच्या सीटवर झूराकान, काच वर, नजर समोर डोंगराकडे, मांडीवर पिशवी घट्ट धरलेली.

सोनुनबू दोन्ही हातांवर पाव घेऊन काचेपाशी उभी राहिली.  आम्ही वीस-पंचवीस माणसं श्वास धरून. पाटाचं पाणी तेवढं बोलत होतं.

 मग काच खाली आली. समोर मांडलेल्या पावाला नको म्हणायची हिंमत झूराकानमध्येही नव्हती. तिने न बघता हात बाहेर काढला, नखाएवढा तुकडा खुडला, तोंडात टाकला, आणि काच परत वर करायला लागली. रीत पाळली, संपलं. मला वाटलं, झालं, गेली ही. सोनुनबूच्या चेहऱ्याकडे बघवेना.

काच अर्ध्यावर थांबली.

झूराकानचा जबडा थांबला होता. तिने परत एकदा चावलं, सावकाश. मग काच पूर्ण खाली आली, हात बाहेर आला, आणि या वेळी चांगला मूठभर तुकडा मोडून घेतला. खाल्ला. आणि अकरा वर्षांनंतर तिने धाकट्या जावेकडे बघितलं.

"मीठ?"

सोनुनबूने हातातल्या पावाकडे पाहिलं.

"मी काय विचारतेय? मीठ कुठंय यात?"

"ताई, राहिलं वाटतं."

"राहिलं वाटतं! वाटतं म्हणे! एर्मेक, गाडी बंद कर. बाराच्या बारा असलेच भाजलेस? अगं, पन्नास वर्षं झाली तुला भट्टीपुढे, आणि मी पाठ फिरवते न फिरवते तोच मीठ घालायचं बंद? सोमवारी पोरं काय नेणार डब्यात, हा भुसा?" बोलता बोलता ती उतरलीही होती, गुडघे वगैरे सगळं विसरून. "सरक! चादर उचला ती. परात कुठंय तुझी? का तीही विकलीस?"

आणि झूराकान सोनुनबूच्या फाटकातून आत गेली. एर्मेक मागून, "आई, सहा तासांचा रस्ता आहे!"

"रस्ता पळून जाणार आहे का? तू चहा पी!"

मी भिंतीशी जाऊन उभी राहिले, झाडू घेऊन. आत बघते तर झूराकान बाह्या वर करून पिठात कोपरापर्यंत, आणि सोनुनबू पाणी ओततेय. तोंडाचा पट्टा थांबत नव्हता एकीच्याही. ते हाडाचं प्रकरण निघालं, ओरडून झालं, मग त्या व्याह्यांकडच्या म्हातारीच्या ऐटीची नक्कल झाली, मग दोघी पिठाच्या हातांनी डोळे पुसत हसत होत्या, की रडत होत्या, मला लांबून नीट कळलं नाही. बहुतेक दोन्ही. मधेच एकदा आवाज आला, "मीठ?" आणि उत्तर आलं, "घातलं, ताई." आमच्या गल्लीत एकदम सगळ्यांनाच सर्दी झाली.

खमिराला घाई चालत नाही. पीठ फुगेपर्यंत दुपार, भाजून गार होईपर्यंत संध्याकाळ. एर्मेकने तेवढ्यात माझ्या झाडाचे सगळे जर्दाळू उतरवून दिले आणि पाटावर नवी फळीही टाकली, आता ती कुणाच्या काय कामाची हे न विचारता. रविवारी सकाळी झूराकान निघाली तेव्हा तिच्या मांडीवर सहा पाव, खमिराची बरणी आणि दुइशेच्या बारा साच्यांतले दोन साचे होते. काच खालीच होती. वळणापर्यंत तिचा आवाज येत होता, आच कमी ठेव, पोरांना गरम पाव कापून देऊ नकोस, मास्तरणीला जास्त लोणी देऊ नकोस.

आणि त्या बारा अळणी पावांचं काय? आमच्याकडे पाव टाकून देणं म्हणजे पाप. आठवडाभर सगळ्या गल्लीने पत्र्यावर त्याचे काप कुरकुरीत केले, वर खारट लोणी फासलं आणि चहात बुडवून खाल्ले. माझ्या वाट्याला दोन आले. कुणी तक्रार केली नाही.

शेवटचा काप संपवताना मी सोनुनबूला विचारलंच. "खरं सांग. विसरलीस?"

ती परात घासत होती. "मास्तरीणबाई, पहिल्या दिवशी विसरले ते विसरले. त्यानंतर एकदा तरी?"

"मग?"

"पाव चांगला झाला असता तर तिने काय केलं असतं? नखाएवढा खाल्ला असता, काच वर केली असती, गेली असती. रीत तोंड उघडायला लावते, बोलायला नाही. पण अळणी पाव खाऊन गप्प बसणं ताईच्या रक्तातच नाही." परात उपडी करून ती म्हणाली, "मला शिकवलं तिनेच. मग तिला काय लागेल ते मला ठाऊक नसणार?"

 भूगोल शिकवण्यात माझी छत्तीस वर्षं गेली, माणसं शिकायची राहिली.

पण गोष्ट तिथेही संपली नाही. मधे एकदा मी तिच्या अंगणात चहा पीत होते तेव्हा बिश्केकहून फोन आला. झूराकान अशी मोठ्याने बोलते, की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"सोनुनबू! आज इथे पाचव्या मजल्यावर पाव भाजला. दोन्ही साच्यांत. एर्मेकच्या बायकोने, पोरांनी, सगळ्यांनी खाल्ला."

"कसा झालाय, ताई?"

 आयुष्यभर ज्या बाईने दुसऱ्यांना विचारलं, तिचा आवाज एकदम बारीक झाला. "अगं, मी म्हातारी झाले. मीठच विसरले बघ."

सोनुनबूने माझ्याकडे बघितलं. मग फोनमध्ये इतकंच म्हणाली, "हात लावू नका कशाला. येतेय मी." फोन ठेवला, रुमाल बांधला, आणि फडताळातून मिठाची पुडी काढून पिशवीत टाकली.